मालवण सागरी अभयारण्य

महाराष्ट्रातील पहिले सागरी अभयारण्य. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात, मालवण बंदरासमोरील समुद्रात ते वसलेले असून त्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौ. किमी. आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली १३ एप्रिल १९८७ रोजी ते घोषित करण्यात आले. त्यापैकी ३.१८ चौ. किमी. गाभा क्षेत्र असून त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आसपासचे उघडे व बुडते खडक येतात. उरलेले २५.९४ चौ. किमी. बफर क्षेत्र आहे. त्याची सीमा पूर्वेकडे मालवणच्या अर्धवर्तुळाकार पुळणीला समांतर जाते, दक्षिणेस मांडेल खडकाजवळ पोहोचते आणि पश्चिमेस मालवण खडकापर्यंत जाते. कच्छचे आखात, अंदमानातील वांडूर आणि मन्नारचे आखात येथील सागरी राष्ट्रीय उद्यानांच्या तुलनेने हे अभयारण्य अगदी लहान आहे. तथापि भारतातील सागरी संरक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान त्याच्या आकारमानावरून ठरत नाही. दाट वस्तीच्या, रोज मासेमारी चालणाऱ्या किनाऱ्यावर सागरी संरक्षणाची रेषा आखली म्हणजे काय घडते, याचे ते एक लवकरचे आणि अद्याप न मिटलेले उदाहरण आहे.

भूरचना व पूर्वेतिहास : मालवणचा उपसागर खडकांनी जवळजवळ अडविलेला आहे. ओहोटीच्या वेळी यांतील काही खडकांची माथी उघडी पडतात. इतर कित्येक पाण्याच्या पातळीखाली थोड्याच अंतरावर दबा धरून असतात. रत्नागिरी व सावंतवाडीविषयीच्या १८८० च्या मुंबई इलाखा गॅझेटिअरमध्ये या उपसागराचे जे वर्णन आहे, ते आजच्या परिसंस्थेच्या अभ्यासकालाही उपयोगी पडते. येथे पूर्वी तीन लहान बेटे होती. त्यांपैकी बाहेरच्या मोठ्या बेटावर सिंधुदुर्ग व धाकट्या बेटावर पद्मगड उभा आहे. तिसरे, आतले बेट एका अरुंद खाडीने किनाऱ्यापासून तुटलेले होते. ती खाडी भरून आल्यामुळे ते मुख्य भूमीचा भाग बनले आणि जुने मालवण गाव त्यावरच वसले. राजकोट नावाचा कोट याच भागात होता. पद्मगडही ओहोटीच्या वेळी वाळूच्या दांड्याने किनाऱ्याशी जोडला जातो. लाटा खडकांवर फुटून त्यांच्या आडोशाला वाळू साचत जाते, त्याचा हा परिणाम होय. येथील खडक व वाळू यांचे नाते असे फिरते आहे आणि उपसागरातील जीवसृष्टीची वाटणीही त्यावरच अवलंबून आहे. मालवण हे नाव ‘महालवण’ या शब्दावरून आले असावे अशी एक व्युत्पत्ती त्याच गॅझेटिअरात दिलेली आहे. गावालगतच्या खाऱ्या दलदलीकडे व मिठागरांकडे तिचा रोख आहे.

कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये किल्ल्याची पायाभरणी केली व १६६७ मध्ये बांधकाम पुरे झाले. ४८ एकरांच्या या बेटाभोवती सु. ३ किमी. लांबीचा नागमोडी तट आहे. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतल्याची कथा प्रसिद्ध आहे. तटाच्या आत, चारी बाजूंनी खारे पाणी असताना, दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जागेची निवड करताना भोवतालच्या खडकांचाच विचार प्रामुख्याने झालेला दिसतो. खोल बुडाच्या जहाजांना हे पाणी धोक्याचे होते. वाट माहीत असलेल्या लहान गलबतांना ते मोकळे होते आणि ती वाट स्थानिक दर्यावर्दी लोकांनाच ठाऊक होती. किल्ला अजिंक्य राहिला असे मात्र नव्हे. १७६५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी तो जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले व पुढील वर्षी तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. त्यानंतर बंदराचे लष्करी महत्त्व ओसरले. वाफेच्या मोठ्या जहाजांना खडकाळ उपसागर गैरसोयीचा असल्यामुळे बंदर मोठे झाले नाही. आधुनिक बंदर येथे वाढले असते, तर गाळ उपसण्याने व सुरुंगांनी हे खडक बहुधा नाहीसे झाले असते. ते टिकले याचे श्रेय कोणत्याही संरक्षणविषयक धोरणाला देता येत नाही.

जीवसृष्टी : उपसागराचे तीन प्रकारचे तळ आहेत. खडक, पुळणीसमोरील वाळू आणि खाड्यांच्या मुखांजवळचा चिखल. उत्तरेस सर्जेकोटजवळ कोळंबची खाडी व दक्षिणेस देवबागजवळ कर्ली नदी समुद्रास मिळते. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीवरून उतरणारे पाणी या मुखांतून गढूळ होऊन बाहेर पडते. समुद्राची लवणता उतरते, पाण्यात प्रकाश खोल शिरत नाही आणि लाटांच्या माऱ्याने तळ ढवळून निघतो. पावसाळा संपल्यावर पाणी हळूहळू निवळते व डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान ते सर्वांत स्वच्छ असते. त्यानंतर ते तापत जाते आणि मे महिन्यात त्याचे तापमान सर्वाधिक होते. वर्षभरात इतकी स्थित्यंतरे सोसणारे जीवच येथे कायमची वस्ती करू शकतात.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर, तसेच किल्ल्याच्या तटाच्या पाण्याला लागणाऱ्या थरांवर बार्नॅकल, कालवे व शिनाणे यांचे थर एकावर एक रचलेले दिसतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी रचलेला हा तट खडकावरील जीवांच्या दृष्टीने एक कृत्रिम कडाच आहे. त्याच्या खाली पादिना, उल्वा, कॉलेर्पा इ. शैवले आणि पावसाळ्यानंतर जोमाने वाढणाऱ्या सारगॅसमची कुरणे आढळतात. सारगॅसमच्या फांद्यांत हवेने भरलेले लहान फुगे असल्यामुळे ही तपकिरी शैवले पाण्यात उभी राहतात व त्यांच्या आडोशाला लहान मासे, कोळंबीची पिले व गोगलगाई वाढतात. खडकांच्या कपारींत शेवंडी, खेकडे, गोबरे व तांबोशी राहतात. वाळूच्या तळावरील पाण्यात बांगडा, तारली व पेडवे यांचे थवे पावसाळ्यानंतर किनाऱ्याजवळ येतात. त्यांच्यामागोमाग इसवण, म्हणजेच सुरमई, आणि मोरीही येतात. कुबड्या डॉल्फिन हा सस्तन प्राणी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात नेहमी दिसतो. सिंधुदुर्गाच्या समुद्रात २०१५ मध्ये निळा देवमासा दिसल्याची नोंद आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे जिल्ह्यातील तांबळडेग, वायंगणी इ. पुळणींवर अंडी घालण्यासाठी येतात. या पुळणी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत.

या सर्वांत शास्त्रज्ञांना विशेष महत्त्वाचे वाटले ते प्रवाळ. कच्छचे आखात व लक्षद्वीप यांच्या दरम्यानच्या पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ नसावेत, असा समज बरीच वर्षे रूढ होता. नद्यांचा गाळ व पावसाळ्यातील गोडे पाणी ही त्याची कारणे सांगितली जात. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक सय्यद झहूर कासिम आणि त्यांचे सहकारी एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ मध्ये या किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यांत मालवणचा समावेश होता. हेच कासिम पुढे अंटार्क्टिकावरील पहिल्या भारतीय मोहिमेचे (१९८१–८२) नेते होते. घराजवळच्या उथळ पाण्यातील त्यांचे हे काम त्या मानाने कमी प्रसिद्ध आहे. परंतु मालवणच्या अभयारण्याचा शास्त्रीय पाया त्यानेच घातला.

मालवणचे प्रवाळ लक्षद्वीपसारखी भित्ती उभारत नाहीत. जांभ्या व इतर कठीण खडकांच्या पृष्ठावर ते पातळ पापुद्र्यांसारखे किंवा गोलसर धोंड्यांसारखे वाढतात. पोराइट्स, फॅव्हायटीज, गोनिअ‍ॅस्ट्रिया, सायफॅस्ट्रिया, टर्बिनेरिया या प्रजाती त्यांत मुख्य आहेत. शिंगांसारख्या नाजूक फांद्यांचे प्रवाळ येथे टिकत नाहीत. त्यांच्या फांद्या पावसाळी लाटा मोडून टाकतात. जे टिकतात त्यांच्या अंगी गाळ झटकण्याची क्षमता असते. प्रवाळाचा प्रत्येक जीव आपल्या अंगावर श्लेष्म्याचा थर सोडतो, त्यात गाळाचे कण अडकतात आणि सूक्ष्म केसलांच्या हालचालींनी व पाण्याच्या प्रवाहाने तो थर वाहून जातो. या कामात पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. ती ऊर्जा प्रवाळाच्या ऊतकांत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांकडून प्रकाशसंश्लेषणाद्वारे मिळते. पावसाळ्यात मात्र प्रकाशच कमी पडतो. मालवणचे प्रवाळ म्हणजे आपल्या सहनशक्तीच्या काठावर जगणारी वस्ती आहे. त्यांची वाढ मंद असते. एकदा खरवडलेला भाग पुन्हा भरून येण्यास दीर्घकाळ लागतो. पर्यटकाच्या पायाखाली अथवा नांगराखाली सापडणाऱ्या प्रवाळांच्या बाबतीत ही गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे.

रापण व उपसागरातील मासेमारी : मालवणच्या दांडी, मेढा, वायरी तसेच तारकर्ली, देवबाग, सर्जेकोट या किनारी वस्त्यांतून गाबीत समाजाची मोठी संख्या असून मासेमारी हा त्यांचा परंपरागत व्यवसाय आहे. त्यांच्या मासेमारीचा एक विशेष प्रकार म्हणजे रापण. रापण हे शेकडो मीटर लांबीचे ओढजाळे असते. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी ते अर्धवर्तुळाकार सोडत समुद्रात जाते व दुसरे टोक घेऊन काही अंतरावर पुळणीवर परत येते. मग पन्नास ते शंभर माणसे दोन्ही टोके धरून ती एकमेकांकडे सरकवीत जाळे ओढून घेतात. एवढे मोठे जाळे बहुधा एका घराच्या मालकीचे नसते. निरनिराळी घरे जाळ्याचे तुकडे पुरवितात, ते जोडून रापण सिद्ध होते आणि मिळालेल्या मासळीची होडी, जाळे व श्रम यांच्या हिश्शांनुसार वाटणी होते. कोणत्या दिवशी कोणत्या रापणीने जाळे सोडायचे याचेही गावोगावी ठरलेले पायंडे होते.

रापणीला वाळूचा तळ लागतो. खडकावर ती फाटते. त्यामुळे उपसागरातील खडक व त्यांवरील प्रवाळ रापणीच्या वाटेस जात नाहीत. खडकाळ भागात गळ, लहान जाळी किंवा हाताने कालवे व शिनाणे काढणे एवढेच चालत असे. पावसाळ्यात होड्या पुळणीवर ओढून ठेवल्या जात व नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यावर जाण्यास सुरुवात होई. बहुसंख्य मासे अंडी घालतात तोच हा काळ. या प्रथा संरक्षणाच्या हेतूने निर्माण झाल्या, असे म्हणण्याचे कारण नाही. खवळलेला समुद्र व जाळे फाटण्याची भीती ही त्यांमागील रोकडी कारणे होती. परंतु परिणाम तोच होत असे. रापणकराच्या दृष्टीने तर उपसागर रिकामा होणे ही घरची उपासमार होती, कारण मोठ्या यांत्रिक नौकेप्रमाणे मासळीच्या मागे दूर जाणे त्याला शक्य नव्हते.

हे चित्र १९६० नंतर पालटू लागले. निर्यातीच्या कोळंबीला किंमत आल्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरची संख्या वाढली. ट्रॉलचे जाळे तळावरून ओढले जात असल्याने वाळू व चिखल यांतील जीव व त्यांची पिले त्यात सरसकट येतात. पुढे पर्ससीन जाळी आली. माशांचा अख्खा थवा वर्तुळात घेऊन जाळ्याचे तोंड खालून बटव्याच्या नाडीसारखे आवळायचे, ही त्यांची पद्धत होय. रापण थव्याची वाट पाहते. पर्ससीन थव्याकडे जाते. किनाऱ्याकडे येणारे बांगडा व तारली यांचे थवे बाहेरच पकडले जाऊ लागले तेव्हा रापणीच्या हाती येणारी मासळी आटली. शेजारच्या गोव्यात १९७० नंतरच्या दशकात रापणकरांनी यांत्रिक मासेमारीविरुद्ध मोठे आंदोलन केले. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये संमत होऊन १९८२ पासून अंमलात आला. किनाऱ्यालगतच्या पाण्यात यांत्रिक नौकांवर निर्बंध घालण्याचे अधिकार त्याने शासनास मिळाले. पण समुद्रात गस्त घालणारी यंत्रणा तुटपुंजी राहिल्यामुळे निर्बंध पुष्कळदा कागदावर राहिले.

अभयारण्याची घोषणा व विरोध : याच पार्श्वभूमीवर १९८७ मध्ये अभयारण्याची घोषणा झाली. तिच्यामागील शास्त्रीय कारण सबळ होते. परंतु साधन म्हणून वापरलेला १९७२ चा अधिनियम जंगले डोळ्यांपुढे ठेवून रचलेला होता. जंगलात हद्दीचे दगड रोवता येतात, गावांचे हक्क तपासून नोंदविता येतात, चराईचे पास देता येतात. समुद्राच्या पाण्यावर मासेमाराचा लेखी हक्क कोठेच नोंदलेला नसतो. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीतून चालत आलेला असतो. असा हक्क चौकशीच्या कागदांत बसविणे कठीण होते आणि वनखात्याला समुद्राचा अनुभव नव्हता. अभयारण्य म्हणजे मासेमारीस बंदी, असा अर्थ वस्त्यांवस्त्यांतून घेतला गेला व स्थानिक मच्छीमारांनी सुरुवातीपासून त्यास विरोध केला. ज्यांच्या जाळ्यांनी प्रवाळांना फारशी इजा होत नव्हती त्यांनाच प्रथम ही भीती वाटली, हे या घोषणेचे मोठे अपयश होय. ट्रॉलर व पर्ससीन यांच्याविरुद्ध लढणारा रापणकर हा अभयारण्याचा स्वाभाविक मित्र ठरला असता. तो घोषणेच्या दिवशीच विरोधी पक्षात गेला.

या उणिवेची जाणीव कायद्यात उमटली, पण चार वर्षांनी. १९९१ मध्ये वन्यजीव अधिनियमात जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार प्रादेशिक सागरातील क्षेत्र अभयारण्यात घेण्यापूर्वी केंद्र शासनाची संमती आवश्यक ठरली. तसेच अशा क्षेत्राच्या सीमा नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी विचारविनिमय करून आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितसंबंधांच्या रक्षणाचे पुरेसे उपाय योजल्यानंतरच ठरवाव्यात, असे बंधन घालण्यात आले. मालवणची सीमा त्यापूर्वीच आखली गेली होती. व्यवस्थापनाचे प्रयत्न स्थानिक विरोधामुळे वारंवार थंडावले आणि बफर क्षेत्रातील मासेमारी पूर्वीप्रमाणेच चालू राहिली.

सीमेच्या आखणीत आणखी एक दोष राहिला. माशांच्या व कोळंबीच्या पिलांची वाढ ज्या खाड्यांत होते, त्या कोळंब व कर्ली या खाड्या हद्दीबाहेर आहेत. तिवर, कांदळ व चिप्पी या वृक्षांची कच्छ वनश्री त्या खाड्यांच्या काठी आहे. तिची मुळे गाळ धरून ठेवतात आणि उपसागरात जाणारा गाळ तेवढा कमी होतो. म्हणजे खडकांवरील प्रवाळांचे आरोग्य काही अंशी खाडीतील चिखलावर अवलंबून असते. कच्छ वनश्रीला संरक्षण मिळाले ते अभयारण्यामुळे नव्हे, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ मधील अंतरिम आदेशामुळे. त्यानुसार राज्यभर कच्छ वनश्रीची तोड व तिच्यावरील भराव यांना बंदी झाली. २०१८ मधील अंतिम निर्णयाने ती कायम झाली. वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला.

प्रवाळांच्या संदर्भात २००१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी भित्तिकारी प्रवाळ, काळे प्रवाळ, सागरपंखे इत्यादींचा वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला, त्यामुळे ते तोडणे अथवा विकणे हा अभयारण्याच्या आत वा बाहेर सारखाच गंभीर गुन्हा ठरला. गोळा केलेल्या जीवाला यामुळे संरक्षण मिळाले. न कळत चिरडल्या जाणाऱ्या जीवाचा प्रश्न तसाच राहिला.

पर्यटन : १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला व १९९८ मध्ये कोकण रेल्वेची संपूर्ण वाहतूक सुरू झाली. पूर्वी किल्ला पाहण्यासाठी होडीने जाणारे प्रवासी येत. आता स्वच्छ पाण्यात बुडी मारून मासे व प्रवाळ पाहणारे पर्यटक मोठ्या संख्येने येऊ लागले. बुड्या मारण्याची सोयीची जागा म्हणजे सिंधुदुर्गच्या तटाजवळचे उथळ खडक, म्हणजेच अभयारण्याचे गाभा क्षेत्र. जंगलातील अभयारण्यात गाभा हा सर्वांत निर्मनुष्य भाग असतो. मालवणात तो सर्वांत गजबजलेला भाग आहे. त्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे, तटाच्या आत काही कुटुंबे राहतात आणि बंदरापासून किल्ल्यापर्यंत होड्यांची सतत ये-जा असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हौशी पाणबुड्यांच्या हालचालींमुळे मालवणच्या प्रवाळांना इजा होत असल्याचे दाखवून देण्यात आले. पोहता न येणाऱ्या पर्यटकाला तळावर उभे करणे, छायाचित्रासाठी प्रवाळाला हात लावू देणे, माशांना जवळ आणण्यासाठी खाद्य टाकणे अशा गोष्टींनी हानी होते. दुसरीकडे, रापणीचे उत्पन्न घटल्यावर याच व्यवसायाने अनेक मच्छीमार घरांतील तरुणांना काम दिले, ही बाजूही दुर्लक्षिता येत नाही. त्यांतील पुष्कळ जण खडकांची व प्रवाहांची माहिती वाडवडिलांकडून शिकलेले आहेत. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाणबुडीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारे केंद्र उभारले आहे.

पाणी तापल्यामुळे होणारी हानी ही मात्र कोणाच्याही शिस्तीने टळणारी नाही. तापमान नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळाच्या ऊतकांतील सूक्ष्म शैवले बाहेर टाकली जातात व प्रवाळ पांढरा पडतो. यास विरंजन म्हणतात. मालवणच्या प्रवाळांतील विरंजनाची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पाणी लवकर निवले, तर प्रवाळ सावरू शकतो. गाळ, कमी प्रकाश व खरवडल्याच्या जखमा यांनी आधीच थकलेल्या प्रवाळाला सावरण्यास कमी वाव असतो.

अलीकडील प्रयत्न : संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने २०११ नंतर सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक प्रकल्प राबविण्यात आला. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याने अभयारण्याच्या रेषेवर भर न देता मासेमारी, पर्यटन इ. व्यवसायांतच संरक्षणाचा विचार आणण्याचा प्रयत्न केला. ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत ४० मिमी. चौरस आस वापरण्याचा पुरस्कार हा त्यातील एक उपाय. नेहमीची चौकटीच्या आकाराची आस जाळे ओढताना ताणून मिटते व पिलेही आत अडकतात. चौरस आस उघडी राहते आणि पिले निसटतात. खेकडे, कालवे व शिनाणे यांचे संवर्धन, वेंगुर्ल्याजवळ महिलांनी चालविलेली कच्छ वनश्रीची सफर असे उपक्रमही त्यातून पुढे आले. १९८७ च्या घोषणेने जे साधले नाही ते, म्हणजे संरक्षणाच्या चर्चेत मच्छीमारांचे बसणे, या प्रकल्पाने काही प्रमाणात घडवून आणले.

मासेमारीच्या नियमनातही पावले पडली. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून पर्ससीन मासेमारी वर्षातील सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती व ठराविक क्षेत्रापुरती मर्यादित केली आणि तिचे परवाने टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरविले. प्रखर विद्युत् दिव्यांनी मासे आकर्षित करून पकडण्यावर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. १९८१ च्या अधिनियमात २०२१ मध्ये सुधारणा होऊन दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी या उपायांसाठी दीर्घकाळ आंदोलने केली होती आणि अंमलबजावणी अपुरी असल्याची त्यांची तक्रार त्यानंतरही चालू राहिली. अभयारण्याला विरोध करणारी व समुद्राच्या रक्षणासाठी कायदा मागणारी माणसे एकच होती. वरवर पाहता ही विसंगती वाटते. परंतु दोन्ही मागण्यांमागे उपसागरावरील आपली वहिवाट टिकावी हाच एक हेतू होता.

मालवणच्या वायव्येस, विजयदुर्गापासून सु. १०५ किमी. अंतरावर खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला हे नाव पडले. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्यामुळे तेथील पाणी स्वच्छ असून प्रवाळही अधिक विपुल आहेत. त्याच्या संरक्षणाचा विचार २०१० नंतरच्या दशकात पुढे आला. तेथे वस्ती नाही, रापण नाही व पुळणही नाही, त्यामुळे मालवणात उद्‌भवलेले प्रश्न त्या स्वरूपात तेथे उद्‌भवत नाहीत. पण राखण करणे तितकेच कठीण आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या सैनिकी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे त्यांपैकी होत. ही नोंद किल्ल्यांची तटबंदी, त्यांचे स्थापत्य व त्यासाठी केलेली भूरचनेची निवड यांबद्दल आहे. तटाच्या पायथ्याशी असलेली कालवे, सारगॅसमची कुरणे आणि त्यांखालील प्रवाळ यांच्यासाठी १९८७ ची अधिसूचना व २००१ ची अनुसूची हाच आधार आहे.